तीन हात मुरूम

आमच्या कसब्यात भुयारी गटार बांधायचं ठरलं तेव्हा मी म्युनिसिपल कमेटीचा कारकून होतो. अजूनही आहे. आदल्या साली पटकीनं गावातली एकतीस माणसं नेली होती, आणि त्यावर वरून कागद आला होता की सांडपाणी आणि पावसाचं पाणी दोन्ही पोटात घेऊन जाईल असं एक गटार गावाखालून काढावं. गटार लहानसहान नव्हतं. दगडी कमानीचं, माणूस वाकून आत चालू शकेल एवढं. वरच्या पेठेतून निघायचं, पिंजारवाड्याखालून जायचं आणि खालच्या पेठेपलीकडे नाल्याला मिळायचं. कमेटीच्या आठ सभासदांपैकी पाच जणांना हे प्रकरण नेमकं काय आहे ते कळलं नव्हतं, पण मंजूर मात्र आठही जणांनी केलं. 'सभासदांनी सखोल विचार केला' असं मी इतिवृत्तात लिहिलं. चहा येईपर्यंत विचार चालला होता, एवढं खरं.

कामावर ओव्हरसियर म्हणून बद्रुद्दीन साहेब आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, आणि आपलं काम येणारे. कमेटीत काम येणारा माणूस आला की सगळ्यांना थोडं अवघडल्यासारखं होतं. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि सांगितलं की खोदकाम नाल्यापासून सुरू होईल आणि वर वर येईल.

कमेटीचे अध्यक्ष उकंडराव देशमुख. वरच्या पेठेत त्यांचं घर, पेठेत सगळ्यात उंचावर. ते नकाशाकडे न बघता म्हणाले, "खालून? माह्या दारापासून नाई?"

"खालचं तोंड आधी मोकळं पाहिजे, देशमुख साहेब. मग वर काम चालू असताना पाऊस आला तरी पाणी निघून जातं. वरून खोदत आलं तर पाण्याला जायला जागा राहत नाही."

"पोळ्यात पह्यली जोडी कोनाची निघते, ठाऊक हाय का तुमाले?"

"नाही."

"मंग नकाशा कसा काय काढला बुवा तुमी?"

सभासद हसले. मीही हसलो, कारण अध्यक्ष हसवतात तेव्हा कारकुनानं हसायचं असतं. आमच्याकडे लग्नाची अक्षत असो, होळीची पूजा असो, शाळेचा बक्षीस समारंभ असो, आरंभ देशमुखांच्या दारातून होतो. घाणीचा आरंभ दुसरीकडून व्हावा हे उकंडरावांना सहन होणं शक्य नव्हतं. उपाध्यक्ष रंगराव पाटील खालच्या पेठेचे, जिनिंग फॅक्टरीचे मालक. ते त्या दिवशी गप्प बसले, कारण आपल्या दारापुढे एवढ्यात खड्डा नको असं त्यांना वाटलं. बद्रुद्दीन साहेबांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा टोपी डोक्यावर ठेवली आणि गेले. दसऱ्याला देशमुखांच्या दारात नारळ फुटला आणि खोदकाम वरून सुरू झालं.

मग वर्षभर गावानं जे भोगलं ते सांगायला बसलो तर रात्र होईल. रोज सकाळी अकराला सुरुंग उडायचा. लाल निशाण घेतलेला माणूस 'हटो' म्हणून ओरडला की शाळेतली पोरं पाढे विसरायची आणि पिंजारवाड्यातल्या गोजरबाईच्या मांडणीवरचा एक तरी गडू खाली यायचा. तिच्या आडाचं पाणी एका सकाळी असं गायब झालं की ती काठावर बसून रडली. भिंतींना तडे गेले. ज्यांच्या भिंतींना आधीच तडे होते त्यांनीही अर्ज दिले. बाजाराच्या दिवशी धाड आणि देऊळघाटकडच्या गाड्या वेशीबाहेरच सोडाव्या लागल्या आणि भाजी-माळव्याच्या पाट्या लोकांनी डोक्यावरून आणल्या. जानेफळहून आलेली एक वरात खंदकाच्या काठाशी दीड तास अडली. शेवटी नवरदेवाला घोड्यावरून उतरवून फळीवरून चालवत नेलं, आणि फळी हलली तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत आईला हाक मारली.

पण हे सगळं गाव सहन करत होतं. ज्या एका बाईबद्दल मला सांगायचं आहे तिला मात्र सहन करून भागणार नव्हतं.

इमामबी पिंजारीण. साठीची असेल. नवरा गेल्यापासून पिंजण तीच चालवायची. आढ्याला टांगलेल्या त्या मोठ्या कमानीची तात दांड्यानं छेडली की टणण टणण असा आवाज सगळ्या बोळात घुमायचा, आणि गावातल्या निम्म्या पोरी तिनं भरलेल्या गाद्या घेऊन सासरी गेल्या होत्या. घर दोन खणांचं, पिंजारवाड्यात बोळ वळतो त्या कोपऱ्यावर. बोळ वळतो, गटार वळत नाही. ते तिच्या स्वैपाकाच्या कोपऱ्याखालून सरळ जाणार होतं. तिला कमेटीनं लेखी कळवलं होतं की घराला धक्का लागणार नाही. तो कागद मीच लिहिला आणि तिला लिहिता-वाचता येत नाही म्हणून मीच वाचून दाखवला.

"बाबू," ती म्हणाली, "घर पडलं त मी उभं करीन. पन घरात पानी नोको. ओला कापूस पिंजत नाई. पानी आलं का माहे हातपाय गेले समजा."

"पाणी येणार नाही," मी म्हणालो. मला काय ठाऊक होतं? कागदात तसं होतं.

जेठ संपता संपता वरचं गटार तिच्या घराशी येऊन पोचलं, आणि तिथे पावसानं गाठलं. बद्रुद्दीन साहेब जे दोनदा सांगून थकले होते ते पाण्यानं एकदाच सांगितलं. वरच्या पेठेतलं सगळं पावसाचं पाणी, सगळ्या मोऱ्यांचं, गोठ्यांचं, आणि जे बोलायचं नाही त्याचंही, गटारात शिरलं, झकास वाहत आलं, आणि पुढे वाट नाही म्हणून पिंजारवाड्यात वर आलं. वरची पेठ त्या पावसाळ्यात आरशासारखी स्वच्छ होती. उकंडराव पाहुण्यांना मुद्दाम आपलं अंगण दाखवायचे. आणि इमामबीच्या घरात अडीच महिने घोटाभर काळं पाणी. चार मण कापूस कुजला. तात सैल पडली. बोळातला टणण आवाज बंद झाला, तेव्हा तो आवाज इतकी वर्षं होता हे लोकांच्या लक्षात आलं.

ती कमेटीच्या सभेत येऊन उभी राहिली. उकंडरावांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, एवढंच की त्यांच्या घरापर्यंत वास पोचत नव्हता.

"काम चालू हाय, इमामबी. थोडं सोसा लागते."

"सोसते ना, देशमुख. पन खालून कधी सुरू होईन?"

"वरतं झालं का खालतं होतेच."

दिवाळी झाली तरी खालचं सुरू झालं नाही, कारण वरच्या पेठेचं काम झालं होतं आणि अध्यक्ष वरच्या पेठेचे होते. मग इमामबीनं काय केलं? ती तडक रंगराव पाटलांच्या जिनात गेली. मी कमेटीच्या पट्टीसाठी सरकी मोजायला तिथेच होतो, म्हणून हे मला स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळालं.

"पाटील, एक इचारू का? गटाराचं तोंड कोन्या बाजूले असते?"

"तोंड? नाल्याकडे. आमच्या पेठेत."

"मंग देशमुखाच्या दारात काय हाय?"

रंगरावांनी तोंडातलं पान या गालातून त्या गालात घेतलं.

"मले अडान्याले काय समजते," ती म्हणाली, "पन साहेब पाहाले येईन त तोंडच पाहीन ना? शेपूट कोन पाहाते?"

पंधरा दिवसांत नाल्याकाठी नारळ फुटला. रंगरावांनी स्वतःच्या फॅक्टरीची माणसं कामाला लावली, स्वतः खुर्ची टाकून बसले. जे नऊ महिन्यांत वरून झालं होतं ते त्यांनी सात महिन्यांत खालून केलं. बद्रुद्दीन साहेब खूश होते. त्यांनी दोन्ही बाजूंचं माप असं जुळवलं होतं की दोरी ताणली तर एक बोट इकडची तिकडे होणार नाही. आषाढात खालचं गटार इमामबीच्या चुलीखाली येऊन पोचलं. मधे राहिला तीन हात मुरूम. एका दिवसाचं काम.

आणि तिथे काम थांबलं.

आमच्याकडे लग्नात वऱ्हाड येतं आणि मारुतीच्या पारावर बसतं. मुलीकडचे वाजतगाजत न्यायला येईपर्यंत तिथून हलत नाही, मग ऊन असो की भूक. जो उठून दुसऱ्याच्या दारी जातो तो मुलीकडचा, आणि मुलीकडचा म्हणजे वाकून नमस्कार करणारा. हे सगळ्यांना इतकं अंगवळणी पडलेलं आहे की गटारालाही ते लागू होईल हे कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही. ज्याची कुदळ ती मुरमाची भिंत फोडून पलीकडे जाईल तो मुलीकडचा ठरणार होता.

वरचे मजूर भिंतीला कान लावून म्हणायचे, "या ना बे इकडे."

पलीकडून यायचं, "तुमीच या. पान-सुपारी तयार हाय."

कमेटीची सभा भरली. उकंडराव म्हणाले, "माह्या गटारानं त्यायच्या गटाराचं दार वाजवाचं? आमी का मुलीकडचे हाओ?"

रंगराव म्हणाले, "पानी कोनाकडून येते? तुमच्याकडून. येनारानं दार उघडून याव. आमी बसलो हाओ स्वागताले."

मतं पडली चार विरुद्ध चार. अध्यक्षांनी आपलं जास्तीचं मत टाकून ठराव केला की भिंत रंगरावांनी फोडावी. मी ठरावाची प्रत नेऊन दिली. रंगरावांनी ती नीट वाचली, घडी केली आणि पानाच्या डब्यात ठेवली. बद्रुद्दीन साहेब म्हणाले, मी खोदतो. पण मजूर अर्धे या पेठेचे, अर्धे त्या पेठेचे, आणि दोन्हीकडच्यांना घरून तंबी होती. शेवटी साहेबांनी वर लिहिलं. वरून उत्तर आलं की ही स्थानिक बाब आहे.

मला त्या दिवसांत सगळ्यांचा इतका राग यायचा की घरी जेवण जायचं नाही. पण तो राग मी कोणाला दाखवला नाही.

श्रावणातल्या पहिल्याच सरीला पाणी पुन्हा इमामबीच्या उंबऱ्याला लागलं. तिनं कर्ज-उसनवार करून नवा कापूस भरला होता आणि तो माळ्यावर चढवला होता. आणखी एक मोठा पाऊस झाला असता तर माळाही ओला झाला असता. मी तिकडून जात होतो तेव्हा तिनं मला थांबवलं.

"बाबू, खरंच तीनच हात हाय?"

"तीनच."

"घरातून खाली किती?"

हे मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी बद्रुद्दीन साहेब तिच्याकडे आले, घरात गेले, टेप काढला, चुलीच्या बाजूला जमिनीवर खडूनं एक चौकोन काढला. "पाच हात खाली," ते म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "महादेवराव, मी आज इथे आलो नव्हतो."

"मलाही तुम्ही दिसला नाहीत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमामबीनं आपली चूल स्वतः फोडली आणि तिथे कुदळ घातली. शेजारची नूरजहां आली. गोजरबाई आली, जिचा आड आटला होता. मग बोळातल्या दहा-बारा बायका आल्या. एक खोदायची, एक पाटी भरायची, बाकीच्या हातोहात मुरूम बाहेर द्यायच्या. पुरुष ओट्यावर बसून बघत होते, कारण ते कोणत्या ना कोणत्या पेठेचे होते. मी कमेटीचा नोकर. सरकारी कामात परवानगीशिवाय कुदळ घालणं हा गुन्हा आहे आणि तो मी कळवायला हवा होता. मी मान खाली घालून निघून गेलो. माझी तेवढीच मदत.

दोन दिवस त्या खोदत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी इमामबी स्वतः खड्ड्यात उतरली, कमरेला दोरी बांधून, दोरीचं टोक नूरजहां आणि गोजरबाईच्या हातात. शेवटचा मुरूम सुटला तेव्हा आतून असा आवाज आला की बोळातली कुत्री पळाली. बायकांनी तिला दोरीनं वर ओढलं. ती डोक्यापासून पायापर्यंत काळी झाली होती आणि हसत होती. तासाभरात पिंजारवाड्यातलं पाणी ओसरलं. इतक्या दिवसांनी जमीन दिसली, आणि पोरं त्या जमिनीवर नुसती इकडून तिकडे चालत राहिली.

तिच्या स्वैपाकघराची भिंत मात्र वीतभर खचली, आणि चूल होती तिथे माणूस उतरेल एवढं भोक राहिलं.

पोळा झाल्यावर डिप्टी कमिशनर साहेब गटार पाहायला येणार होते. वरच्या पेठेत एक मांडव पडला, नाल्याकाठी दुसरा. दोन्हीकडे हार, दोन्हीकडे खुर्च्या, दोन्हीकडे शाळेतल्या पोरांच्या रांगा. पोरं तेवढीच होती, त्यामुळे त्यांना मधल्या वाटेनं पळवत न्यावं लागलं. साहेबांनी दोन्ही भाषणं ऐकली आणि विचारलं की दोन्ही कामं जुळली कुठे? जिथे मांडव नव्हता, सतरंजी नव्हती, तिथेच त्यांना जायचं होतं.

इमामबीच्या दारात उकंडराव साहेबांच्या उजवीकडे उभे राहिले, रंगराव डावीकडे. साहेबांनी खाली वाकून भोक पाहिलं. जोड कोणी मारला, असं विचारलं.  मग बद्रुद्दीन साहेबांनी इमामबीकडे बोट दाखवलं. उकंडराव घाईनं म्हणाले, "आमच्या बाजूनंच मारला, हुजूर." रंगराव म्हणाले, "तिले इचारा ना. तिनं आमच्याकडून मारला."

साहेब तिच्याकडे वळले. कोणत्या बाजूनं खोदलंत?

"वरून नाई, खालून नाई," इमामबी म्हणाली. "माह्या चुलीखालून खनलं, साहेब."

साहेबांनी खचलेल्या भिंतीवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाले, तुम्हाला काय पाहिजे?

"एक झाकन."

"झाकण?"

"ह्या भोकाले. बाकी काई नाई. वास येते."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं, कमेटीला ताबडतोब द्या म्हणाले, आणि मोटारीत बसून गेले.

ताबडतोब सभा भरली. रंगराव म्हणाले, झाकण लोखंडी हवं, आमच्या फॅक्टरीत ओतू. ओतीव लोखंडावर अक्षरं उठतात, आणि त्यावर नाव कोणाचं येणार ते उकंडरावांना लगेच कळलं. ते म्हणाले सागवानी हवं, आमच्या मळ्यातलं. चार विरुद्ध चार. अध्यक्षांचं जास्तीचं मत मागच्या वेळी पानाच्या डब्यात गेलं होतं, म्हणून या वेळी एक पोटसमिती नेमली. पोटसमितीनं जागा पाहून यावं असं ठरलं. पोटसमिती दारापर्यंत गेली, नाकाला उपरणं लावलं आणि जागा पाहिल्याचं मी लिहिलं.

याला आता नऊ महिने झाले. तिचं घर कोरडं आहे. पिंजण पुन्हा टांगलं आहे, तात ताणली आहे. पण पिंजलेला कापूस वास धरतो. तिच्याकडच्या रजईला नवी नवरी नाक मुरडते आणि लोक चिखलीहून गाद्या आणू लागले आहेत. भोकावर तिनं एक जुनी जाड गादी टाकली आहे. ती चार-आठ दिवसांनी कुजते, मग दुसरी टाकते.

झाकण म्हणजे चार फळ्या आणि दोन आडव्या पट्ट्या. आमच्या गल्लीतला सुतार दोन दिवसांत करून देईल, हे मला ठराव लिहिताना पहिल्याच दिवशी सुचलं होतं. पण सुतार वरच्या पेठेतला. झाकण मी डोक्यावर घेऊन निघालो की खालच्या पेठेत पोचेपर्यंत महादेवराव देशमुखांच्या बाजूचे झाले. खालच्या पेठेतल्या सुताराकडून करून घेतलं तर माझी नोकरी देशमुखांच्या हातात आहे. मी दोन्हीकडून विचार केला. कमेटीसारखाच.

मागच्या आठवड्यात एका अर्जावर अंगठा घ्यायला तिच्याकडे गेलो होतो. तिनं गादी जराशी सरकवली होती, हवा लागावी म्हणून. खालून पाणी वाहत होतं. अंगठा उठवून झाल्यावर ती म्हणाली, "बाबू, एक इचारू का? दिवेलागनीच्या आधी रोज थोडं निळं पानी जाते इथून. शाईचं हाय ना?"

मी अर्जाची घडी घालू लागलो.

"गावात घरी शाई धुनारे तुमीच असान," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी नूरजहांच्या पोरीले सांगत असते, पाह्य, बाबूचं काम संपलं. आता दिवा लावा."

तेव्हापासून दौत आणि टाक मी मोरीत नाही, अंगणात धुतो. झाकणाचा विषय पुढच्या सभेत पाचव्या क्रमांकावर आहे.